उलटा काटा

ताईचा हात प्लास्टरमध्ये होता आणि दाजी तिला आमच्याकडून परत न्यायला आले होते. निघायचं दुसऱ्या दिवशी होतं. "बाथरूममध्ये पाय घसरला," ताईने सगळ्यांना घोकून ठेवल्यासारखं सांगितलं होतं. आईने विश्वास ठेवला, मीही ठेवला. वर जावयाचा मान म्हणून त्यांना डोंगरावरच्या धरणावर मासे पकडायला घेऊन गेलो. केवढा मी शहाणा!

मी पिसांच्या माश्या बांधतो. गळाला दोरा आणि पिसं अशी गुंडाळायची की पाण्यावर ती खरी माशी वाटावी. त्या धरणावर पकडलेला मासा सोडून द्यायचा रिवाज आहे, म्हणून गळाच्या टोकामागचा उलटा काटा मी पकडीने चेपून टाकतो. मग मासा सहज सुटतो. दाजी हसले.

"तू मासे पकडतोस की त्यांचा पाहुणचार करतोस?"

माझ्या दोरीची माशी कापून त्यांनी तिथे स्वतःची बांधून दिली, काट्यासकट.

पहिला मासा त्यांनाच लागला. त्यांनी तो सोडला नाही. पिशवीतून वीतभर दांडका काढला, टोकाला पितळी टोपण असलेला, आणि माशाच्या डोक्यात घातला. मासा पहिल्याच घावात मेला. ते मारतच राहिले. सहा, सात. डोळा फुटून बाहेर आला. दातओठ खात ते शिव्या देत होते, आणि त्या शिव्या बाईला देतात तशा होत्या. माशाच्या अंगावर पितळेची गोल खूण उमटली. तीच खूण मी ताईच्या खांद्यावर पाहिली होती. नळ लागला, म्हणाली होती.

"असं वठणीवर आणायचं," ते धापा टाकत म्हणाले.

माझं डोकं भणाणलं. गळ फेकण्याआधी मागे कोणी आहे का बघायचं, हा आमचा पहिला धडा. बारा वर्षांत मी तो कधी चुकवलेला नाही. त्या दिवशीही मी मागे बघितलं. दाजी पंधरा पावलांवर वाकून हात धूत होते. मी गळाची काठी मागे नेली आणि जोरात पुढे आणली.

गळ त्यांच्या गालात घुसला. ते किंचाळले, उपटायला गेले, तसा काटा आणखी रुतला. मी दोरी मुठीला गुंडाळत जवळ गेलो. गाल ताणला गेला, रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. ते चिखलात गुडघ्यांवर बसले.

"सोड! वेडा झालास का?"

"ताईचा हात कुणी मोडला?"

"अरे, ती पडली..."

मी हिसडा दिला.

"मी! मी मोडला!"

"उद्या तू एकटा जायचंस." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरेतुरे केलं. त्याने मान हलवली, हलवता येईल तेवढी. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? इतकं बरं वाटलं की माझा हात त्या दांडक्याकडे गेला. मग मात्र माझी मलाच भीती वाटली. दांडका मी पाण्यात भिरकावला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गळ पुढे ढकलून गालातून आरपार काढला आणि काटा तोडला.

"कसं झालं हो हे?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"पाय घसरला," तो म्हणाला.