जाणतीचा कौल

कारागिराने फळी अंगठा आणि मधल्या बोटाच्या चिमटीत धरली, तिचं टोक टेबलाला टेकवलं आणि दुमडलेल्या बोटाच्या पेराने मधोमध टकटक केली. मग त्याने कान फळीजवळ नेला नाही. त्याने मांजरीकडे पाहिलं.

ती टेबलावरच्या भुशात पसरली होती, पांढरीशुभ्र, पोट आणि हनुवटी लाकडाला चिकटवून. डोळे मिटलेलेच राहिले. शेपटीचं टोक मात्र एकदा आपटलं.

"अजून नाही म्हणतेस? बरं बाई, तुझंच खरं."

त्याने पोलादी पट्टी उचलली आणि फळीच्या पोटावरून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एक पदर खरवडून काढला.

व्हायोलिनची वरची फळी अशीच घडते. खरवडायचं, वाजवून ऐकायचं, पुन्हा खरवडायचं. फळी जाड राहिली तर वाद्य मुकं होतं. एक पदर जास्तीचा गेला, तर रिकाम्या डब्यासारखं बोलतं. कुठे थांबायचं ते लाकूड सांगतं, कारागिराने फक्त ऐकायचं असतं. आणि या कारागिराचे कान गेले होते.

एकदम नाही गेले. आधी चिमण्या गेल्या. मग किटलीची शिट्टी गेली. मग माणसांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येऊ लागले; तेव्हा तो ओठ वाचून वेळ मारून नेऊ लागला. शेवटी लाकूड गेलं. त्या दिवशी त्याने हत्यारांना तेल लावलं, ती फडक्यात गुंडाळली, आणि कुणाकडे चकार शब्द काढला नाही. विधुर माणसाला गुपित सांभाळणं सोपं जातं. घरात विचारायला कोण आहे?

उरलेलं लाकूड विकायला म्हणून तो वखारीत गेला, तर तिथे करवत चालू होती आणि तिच्याकडे सरकत्या ओंडक्यावर एक पांढरं पिल्लू बसलं होतं. करवतीकडे पाठ करून, कोवळ्या उन्हात अंग शेकत बसावं तसं निवांत. वखारवाला हातवारे करत होता, पोरं ओरडत होती, पिल्लू ढिम्म. कारागिराने झेप घेऊन त्याची मानगूट धरली. मनगटावरचा ओरखडा पुढे पुष्कळ दिवस दुखला.

"काय काळीज आहे हो हिचं!" वखारवाला म्हणाला. "एवढ्या करवतीला भीक घालत नाही."

कारागीर पिल्लू घेऊन परतला, आणि त्या गडबडीत विकायचं राहिलेलं लाकूडही परत घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी हाताच्या सवयीने त्याने टेबलावरची एक जुनी, तयार फळी वाजवली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पेंगणारं पिल्लू उठलं, चालत आलं, फळीवर हनुवटी ठेवून त्याने डोळे मिटले. कारागिराने कच्ची फळी वाजवली. पिल्लाने शेपटी आपटली आणि तोंड फिरवलं. पुन्हा तयार फळी, पुन्हा हनुवटी. विझलेला दिवा कुणीतरी पेटवावा तसं कारागिराला झालं. तिचं नाव त्याने जाणती ठेवलं.

तिच्या भरवशावर तीन वाद्यं झाली. हात पूर्वीपेक्षा मुरलाय, असं वादक म्हणाले. ते त्याने त्यांच्या ओठांवर वाचलं. काम करताना तो स्वतःला न ऐकू येणाऱ्या आवाजात तिच्यासाठी गुणगुणे:

"ये गं माझ्या पांढरे, बस माझ्या उशाशी,
घास अर्धा तुला गं, अर्धा माझ्यापाशी."

आजची फळी मात्र वेगळी होती. त्याच्या गुरूने मरताना हातात दिलेलं, दोन पिढ्या मुरलेलं लाकूड. असं दुसरं मिळणार नव्हतं.

पट्टी पुन्हा टेकवणार, तोच टेबलावर सावली पडली. वेगळी राहणारी त्याची लेक समोर उभी होती, धापा टाकत.

"बाबा! किती वेळ घंटी वाजवतेय मी. शेवटी मागच्या दाराने आले."

"कामात होतो गं."

"तुम्ही कामात. आणि ही महाराणी? तिलाही काम होतं?"

ती मांजरीच्या मागे गेली आणि कानाजवळ जोरात टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. जाणतीचा कान हललासुद्धा नाही.

"बाबा, ही ठार बहिरी आहे."

"काहीतरीच! या घरात सगळ्यात तिखट कान तिचे आहेत."

"आमच्या शेजारी अशीच आहे. पांढरं अंग, निळे डोळे. यांच्यात पुष्कळ जणी जन्मापासूनच बहिऱ्या असतात."

कारागीर मांजरीकडे बघत राहिला. लेक खिडकीकडे वळली. काही वेळाने ती परत फिरली.

"मी आत्ता काय म्हणाले?"

त्याने फळीवरचा भुसा बोटाने गोळा केला.

"बाबा. मी पाठ फिरवून काय म्हणाले?"

भुशाचा छोटासा ढीग झाला. तो त्याने मोडला.

"कधीपासून?" तिने जवळ बसत विचारलं.

"चिमण्या गेल्या तेव्हापासून."

तिने त्याचा हात धरला. तिचे ओठ आता सावकाश हलत होते. "माझ्याकडे चला. पुष्कळ केलंत आयुष्यभर."

"येतो," तो म्हणाला. आणि मग जाणतीची सगळी कथा त्याने सांगितली, वखारीपासून हनुवटीपर्यंत. "मला वाटलं, ही ऐकते माझ्याऐवजी. बहिऱ्याने बहिरीला विचारलं, झालं."

"मग ती तीन वाद्यं?"

"अंधारातला दगड. लागला."

"तीनदा?"

त्याने तेलाचं फडकं ओढलं आणि हत्यारं एकेक करून पुसायला घेतली. लेकीने अडवलं नाही. पट्टी तेवढी उरली, आणि फळी. फळी आत ठेवायला त्याने उचलली, तिचं टोक टेबलाला टेकलं आणि पेर आपसूक वाजलं.

जाणतीने शेपटी आपटली.

तो तसाच थांबला. बराच वेळ तो तिचं टेबलाला चिकटलेलं पोट बघत होता. मग त्याची नजर आपल्या अंगठ्यावर आली.

त्याने डोळे मिटले. पुन्हा वाजवलं. पट्टी चाचपून घेतली, एक पदर काढला, वाजवलं. अंगठ्यातून काहीतरी थरथरत मनगटापर्यंत गेलं आणि विझलं. आणखी एक पदर, अगदी धुक्याएवढा. वाजवलं. आता ते कोपरापर्यंत गेलं, मुंग्यांची रांग जावी तसं, आणि तिथे रेंगाळलं.

त्याने पट्टी खाली ठेवली. जाणतीने फळीवर हनुवटी टेकली होती. ते त्याने पाहिलंच नाही.

"झाली?" लेकीने विचारलं.

त्याचे डोळे मिटलेले होते. मांजरीचेही. फळी दोघांच्या मध्ये होती.

लेकीने तोंड उघडलं, मिटलं. मग तिने बोट दुमडलं आणि पेराने टेबलाच्या कडेवर दोनदा टकटक केली.

दोघांनीही माना वर केल्या.

"चहा टाकते," ती म्हणाली, ओठ नीट हलवत.