कशानं भाग जाते?

सत्काराच्या दिवशी दुपारी नागपूरहून रजतचा फोन आला आणि गुंजनच्या पायाखालची जमीन सरकली. तिची संख्या मूळ नव्हती.

गुंजन म्हणजे आर्वीच्या हिरालालजींची मुलगी. सरकी-ढेपेच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिने काही लाख आकडी एक संख्या महिनाभर तपासली होती. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, म्हणजे ती मूळ आहे, असा निकाल आला. खरं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर पडताळल्याशिवाय असल्या निकालाचा उच्चारही करायचा नसतो. पण पोरगी जेवताना बोलून गेली, आणि हिरालालजींच्या घरात गोड बातमी शिळी होऊ देत नाहीत! तासाभरात बाजारभर पेढे फिरले. ज्यांचं पाढ्यांशी शाळेपासून वाकडं, त्यांनीही दोन-दोन उचलले. व्यापाऱ्यांनी सत्कार ठरवला, बॅनर लागलं. आता तीच संख्या पडताळून पाहणारा तिचा वर्गमित्र रजत सांगत होता की त्याच्या दोन्ही कॉम्प्युटरांनी उलटा निकाल दिलाय. दुकानातलं ते जुनं धूड मध्येच कुठेतरी चुकलं होतं, बहुधा वीज क्षणभर जाऊन आली तेव्हा.

ती तडक दुकानात गेली.

"बाबूजी, सत्कार रद्द करा. भाग जाते तिले."

"कशानं जाते?"

"ते नाई माहीत."

"माहीत नाई, मंग काऊन म्हणते जाते म्हणून?"

"तपासणी तेवढंच सांगते, बाबूजी. तुटते हे पक्कं. कुठून तुटते ते शोधाले जन्म पुरणार नाई."

गणितवाल्यांना यात नवल नाही. पण ढेपेच्या पोत्यांमध्ये उभं राहून बोलताना तिला स्वतःलाच ती थाप वाटली.

हिरालालजींनी गिऱ्हाईक जाऊ दिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "जे कोणाले सापडणार नाई, ते कोण विचारते? चूप राह्यजो, बेटा. लोकं मले तुह्या नावानं ओळखून राह्यले."

तिला रडू आलं. बाबूजींनी आजवर तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं, आणि मागितलं तर हे.

संध्याकाळी मंडपात तिने माईक धरला.

"ही संख्या मूळ नाही. माझी चूक झाली."

पुढच्या रांगेतून अण्णाजी अडत्यांनी विचारलं, "मंग कशानं भाग जाते, बाई?"

"मले माहीत नाई."

कुणीतरी खुदकन हसलं, पाठोपाठ सगळा मंडप हसला. तेवढ्यात हिरालालजी उठले, हात जोडून, तोंडभर हसत. त्यांनी माईक अलगद तिच्या हातून घेतला.

"लय साधी पोरगी आहे हो आमची. मोठेपणा घ्याचा नाई म्हणते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या खांद्यावर शाल पडली. "खरंच नाई, ऐका तरी," ती म्हणत राहिली. ऐकलं ते फक्त शेजारी उभ्या बाबूजींनी, आणि ते तिच्याकडे न बघता सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होते.