कुलपातली मतपेटी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी मतपेटी आहे. लासलगावजवळच्या एका शाळेत, अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांखाली पडून आहे. खोलीच्या दाराला कुलूप आणि माझ्या तोंडालाही कुलूप. माझी किल्ली कधीच हरवली. ती शोधायची कुणाला गरज वाटली नाही.

देशातल्या पहिल्या निवडणुकीला मी या शाळेत आले. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. माझ्या कपाळावर एकाचं चिन्ह डकवलं होतं आणि मी भारीच तोऱ्यात होते. शिकलेला असो की अडाणी, बाई असो की पुरुष, एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत मिळालं होतं. पण यादी करणारे घरोघरी गेले, तेव्हा परक्याला नाव कसं सांगायचं म्हणून बायका आतच राहिल्या. ओट्यावरच्या पुरुषांनी परस्पर सांगून टाकलं, "लिवा, गेणूची बायको. पुंजाची आई." असली नावं पुढे यादीतून खोडली गेली. मतदानाच्या दिवशी नवी लुगडी नेसून आलेल्या त्या बायकांना दारातूनच परत पाठवलं. मला फार वाईट वाटलं.

मग पुढच्या निवडणुकीच्या यादीला बायका आपलं नाव सांगू लागल्या. नवी सून भागुबाई हिने तर सासऱ्यांसमोर स्वतःचं नाव सांगितलं, वर नवऱ्याचंही घेतलं. घरात कितीतरी दिवस अबोला होता. पण तिचं पहिलं मत माझ्याच पोटात पडलं. पुढे अठरा वर्षांची पोरंही रांगेत आली. नंतर यंत्रं आली आणि मी इथे कोंडले गेले.

गेल्या मतदानाला यंत्र शेजारच्याच वर्गात होतं. मधे नुसता पत्रा. भागुबाईचा आवाज मी लगेच ओळखला. आता तिचे डोळे अधू झालेत. नातू सुनील तिला मोटारसायकलवरून घेऊन आला होता. कांदा साठवणीच्या चाळीत भरायचं काम खोळंबलं होतं, म्हणून तो घाईत होता. तसा पोरगा गुणी, आजीला जपणारा. आजीला दिसत नाही, बटण मीच दाबतो, असं त्याने केंद्रावरच्या साहेबांना सांगितलं.

"दिसतं मला थोडं थोडं," भागुबाई म्हणाली. "जवळून दावा, माझं मी दाबीन."

"आजी, तू कशाला तरास घेती? मी हाय ना."

साहेबांनी मतदाराच्या सोबत्याच्या अर्जावर सुनीलची सही घेतली आणि त्याला तिच्याबरोबर यंत्रापाशी सोडलं. मी आत नुसती तडफडत होते. ओरडावंसं वाटलं, पण कुलूप लावलेल्या पेटीचं कोण ऐकणार? पत्र्यापलीकडे यंत्राची लांब शिट्टी वाजली.

सुनीलने तिला हाताला धरून बाहेर आणलं. माझ्या खोलीच्या दाराशी ती थांबली आणि हळूच म्हणाली, "सुनील, म्या मत कोणाला दिलं रे?"

मित्रांनो, आजीचा हात धरून तिला केंद्रापर्यंत जरूर न्या. बटणापाशी मात्र तो हात सोडा.