अर्ध्या मिलिमीटरचा पडदा

चष्म्याच्या दुकानात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे डोळ्यांबद्दल मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. लेकीचा नंबर लेझरने घालवायचा होता, कारण अग्निशमन दलाच्या भरतीला चष्मा चालत नाही. तपासणीआधी महिनाभर डोळ्यातल्या कडक कॉन्टॅक्ट लेन्स लावू नका, असं दवाखान्यातून बजावलं होतं. मी म्हटलं, चार दिवस पुरे, उगाच महिनाभर कशाला चाचपडतेस? तिने बापाचं ऐकलं.

तपासणाऱ्या बाईंनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली, पापणी मिटू नको म्हणाल्या, आणि पडद्यावर तिच्या डोळ्याचा नकाशा उमटला. मी खुर्चीतून उठलोच. बुबुळावरचं ते पारदर्शक आवरण, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि त्याचा एकेक चढउतार निळ्याहिरव्या रंगांत मोजलेला. तीस वर्षं मी याच्यापुढे काचा धरत आलो आणि हे कधी पाहिलंच नव्हतं. आईचा चेहरा, पहिली अक्षरं, मी, सगळं याच्यातूनच तिच्यापर्यंत पोचलं होतं. मला भरून आलं.

बाईंच्या कपाळावर मात्र आठ्या पडल्या. नकाशात एका बाजूला लालसर फुगवटा होता. लेन्स कधी काढली, असं त्यांनी विचारलं. महिना झाला, म्हणाली लेक. माझी अब्रू राखत होती पोरगी. मग हा मूळचाच आकार धरते, म्हणत बाई आकडे लिहायला लागल्या. त्याच चुकीच्या आकड्यांवर लेझर चालणार होता.

मी तोंड उघडलं तर तपासणी महिनाभर पुढे जाऊन यंदाची भरती हुकणार होती, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं.

"चार दिवस झालेत," मी म्हणालो. "मीच सांगितलं होतं तिला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. लेन्सने दबलेला डोळा आपसूक मूळ आकारावर येतो, त्याला वेळ द्या, एवढंच म्हणाल्या.

जिन्यात मी लेकीला म्हटलं, तुझ्या बापाने माती खाल्ली.

"तुम्ही बोलला नसतात तर मी भरती झाले असते, बाबा," ती म्हणाली. "आणि धुराने भरलेल्या घरात मला एकाची दोन दारं दिसली असती. आत मूल असतं तर?"

मग ती रडायला लागली.