ओढ्यापलीकडची घंटी

सोपानने तारेची टोकं सेलांना टेकवली आणि ओट्यावरची घंटी अशी ठणाणली, की गोठ्यातला खोंड दावं ताणून उभा राहिला. हौशीरामने विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं.

धोंडाबाईने हातातलं सूप आपटलं. “हितं वाजून काय उपेग? वड्यापल्याडनं वाजू दे, मग मिरवा.”

ओढ्यापलीकडे त्यांचा आंबेमोहोर भात लोंब्यांनी वाकला होता. तो रानडुकरांच्या तोंडी जाऊ नये म्हणून हौशीराम दर साली महिनाभर शेतातल्या माळ्यावर मुक्काम ठोकायचा. चार मेढी, वर फळ्या आणि गवताचं छप्पर. पण त्याला विचाराल तर इंद्राचा दरबार. गेल्या साली तो शिडीवरून घसरला आणि पाय मुरगळून पडला. त्याने रात्रभर हाका मारल्या. ओढ्याच्या खळाळात त्या घरापर्यंत पोचल्याच नाहीत. तेव्हापासून धोंडाबाईचा एकच हेका होता: माळा बंद. म्हातारा अगदी रडकुंडीला आला होता.

शेवटी लोणावळ्याला रेल्वेच्या सिग्नल खात्यात तारा ओढणारा खलाशी असलेल्या लेकाने, सोपानने, तोड काढली. माळ्यावर बटण दाबलं की घरी घंटी वाजेल आणि तो नाही तर त्याची बायको नंदा धावत जाईल. घंटी वाजली तर माळा, नाही तर घर, असा करार ठरला.

बापलेकांनी दुपारपर्यंत झाडाझाडांवरून तार ओढ्यापार नेली. सोपान घरी परतला. हौशीरामने माळ्यावर चढून नवरदेवाच्या ऐटीत बटण दाबलं आणि घराकडे डोळे लावले. थोड्या वेळाने सोपान मान खाली घालून येताना दिसला.

“माशीवानी गुणगुणती नुसती,” सोपान म्हणाला. “तार लय लांब आन् बारीक. वाटंतच जोर सरतोय, आबा.”

“आन् तुजी आय?”

“हासती.”

खाली पाटाचं पाणी वाहत होतं. हौशीरामने एकदा पाटाकडे आणि एकदा तारेकडे पाहिलं.

“सोपाना, खालच्या खाचराला पानी पोचत न्हवतं, तवा काय केलं आपुन?”

“शेजारनं दुसरा पाट काडला.”

“मग काड की.”

सोपान बापाकडे बघतच राहिला. मग त्याने उरलेलं वेटोळं उचललं. एकेका तारेच्या जोडीला आणखी एकेक तार बांधून होईपर्यंत उन्हं कलली. सोपान पुन्हा घरी गेला. हौशीरामने देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पलीकडे सोपान अंगणात आला आणि डोक्यावरचा रुमाल काढून गरागरा फिरवू लागला.

म्हाताऱ्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्याने आणखी एकदा दाबलं, मग आणखी एकदा.

तेवढ्यात ओढ्यातून कुणीतरी पाणी उडवत धावत येताना दिसलं. धोंडाबाई होती. गुडघ्यापर्यंत भिजलेली, पदराचं भान नसलेली.

“पडला का काय वो? सारखी वाजती घंटी!”

“न्हाई. नुसतं बघत हुतो.”

आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून हौशीरामने अंग चोरलं. पण तिने शिडीला धरून दम खाल्ला आणि ती एकेक पायरी चढत वर आली.

“सरा तिकडं.”

तो सरकला. ती फळीवर टेकली आणि पिवळ्या पडत चाललेल्या भाताकडे बघत राहिली.

“नुसतं तुमी पडला म्हनून का मी माळा नगं म्हनत हुते?” ती म्हणाली. “घरात ल्योक हाय, सून हाय. तरी महिनाभर तुमी नसलात की घर खायाला उठतं मला.”

चाळीस वर्षांत हे हौशीरामच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने आपली घोंगडी तिच्या बाजूला निम्मी पसरली.

धोंडाबाईने बटण शोधलं आणि अंगठ्याने चांगलं दाबून धरलं. सोपान धापा टाकत येऊन खाली उभा राहिला.

“काय झालं, आये?”

“काय न्हाई,” ती वरून म्हणाली. “नंदाला सांग, दोघांच्या भाकरी हिकडंच.”