बारा शब्द आणि एक करंगळी

मित्रांनो, मी एक जुनं, अंगठे ओळखणारं यंत्र आहे. आकारानं साबणाच्या वडीएवढा, पण ऐट मॅनेजरची! चामोर्शीजवळच्या एका गावात बँकमित्र देवाजीभाऊंच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. काचेवर बोट टेकलं, की मी दूरच्या मोठ्या यंत्राला विचारतो, हा माणूस तोच का? होकार आला, की देवाजीभाऊ पैसे देतात. तालुक्याची चक्कर वाचली म्हणून बायांनी पहिल्याच दिवशी मला कुंकू लावलं होतं. ते काचेवरून पुसता पुसता देवाजीभाऊ घामाघूम झाले!

पण धानाची रोवणी आली, की माझी पंचाईत होते. चिखलात रोपं दाबून बायांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजतात. गेल्या रोवणीत शकुबाई औषधासाठी पैसे काढायला आल्या आणि रिकाम्या हातानं परत गेल्या.

"पैसे माहे, अन् मलेच वळखत नाई हा डब्बा!" त्या म्हणाल्या.

डब्बा म्हटलेलं मला फार लागलं.

उन्हाळ्यात अंगठा सुधारल्यावर त्यांनी लेकीच्या, दिव्यानीच्या नर्सिंगसाठी साठवलेले सगळे पैसे काढले. नागपूरला नोकरी करणाऱ्या भाच्यानं, हेमराजनं, त्या पैशांचं मोबाईलमधलं डिजिटल नाणं घेऊन दिलं. त्याला ना बँक लागते, ना सरकार, ना अंगठा. लागतात फक्त बारा गुप्त इंग्रजी शब्द. ते लिहायचे नाहीत, फक्त पाठ करायचे, असं त्यानं बजावलं.

आता आमच्याकडे पाठ कसं करतात? गाऊन! यंदाच्या रोवणीत शकुबाईंनी ते शब्द चालीवर बसवले. "रिव्हर, टायगर, राईस, विंटर..." त्या म्हणत आणि मागून रोवणाऱ्या बायांची सगळी रांग म्हणे. चार दिवसांत गावातली शाळकरी पोरंही तेच गाऊ लागली.

दिव्यानीच्या प्रवेशासाठी हेमराज गावी आला. बांधावर ते गाणं ऐकून त्यानं डोकंच धरलं.

"आत्या, हे शब्द म्हंजे तिजोरीची चाबी हाय! कोनी पैसा नेला, त कोनाकडे तक्रार करशीन?"

"पैसा हाय का गेला?"

त्यानं मोबाईल पाहिला. "हाय. सगळाच हाय."

"मंग कायले घाबरतं? आमच्या बायाइनं आजवर कोनाचं काई नेलं नाई."

हेमराज नवे शब्द द्यायला तयार होता, पण पुन्हा बारा पाठ करायला दुसरी रोवणी लागेल, म्हणून शकुबाईंनी ते पैसे बँकेत परत आणवले. प्रवेशाचा दिवस उजाडला. दिव्यानी पिशवी घेऊन दारात उभी. शकुबाईंनी अंगठा टेकला. जुळला नाही. पुन्हा टेकला. नाहीच. दिव्यानीचे डोळे भरले, आणि मित्रांनो, मला खरंच वाईट वाटलं. त्या नाण्यानं निदान अंगठा तरी मागितला नव्हता!

देवाजीभाऊंनी माझी काच रुमालानं पुसली. मग विचारलं, "बाई, रोवताना डाव्या हाताची करंगळी कुठी असते?"

"पेंढी धरते. चिखलात नाई जात."

"मंग तेच ठेवा."

करंगळी टेकली. मी विचारलं. तिकडून होकार आला!

दिव्यानी आता गडचिरोलीला शिकते. ते बारा शब्द आता काहीच उघडत नाहीत, तरी बाया अजून गातात. मलाही ते पाठ झाले आहेत.

मित्रांनो, माझी काच पुसत जा. आणि कुणाचा अंगठा जुळला नाही, तर त्याला परका समजू नका. त्याला दुसरं बोट टेकवायला सांगा.