लवूची झोप आणि चार पोती पोहे

मी भांडखोर आहे असं आमच्या अख्ख्या वाडीत म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण त्या साली माझ्या धाकट्या जावेशी, सगुणेशी, मी जी भांडत होते ती तिच्या भल्यासाठीच, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं.

तिचा नवरा रावजी मुंबईला गिरणीत. इथे रत्नागिरीत ही घरच्या घरी पोहे कांडून विकायची. पदरात सात वर्षांची चिमा आणि आठ महिन्यांचा लवू. पडवीत जमिनीतलं दगडी उखळ, त्याच्या शेजारीच लवूची झोळी. एक हात झोळीला, एक मुसळाला. आमची घरं वेगळी झालेली, मध्ये नुसतं काठ्यांचं कुंपण. त्यावरून मला सगळं दिसायचं, आणि दिसल्यावर गप्प बसणं मला जमत नाही.

"पोर सांभाळ नायतर पोहे कांड. मी तीन मुलगे वाढवले, कांडपही केलं, पण कधी कुणाला हाक मारली नाही," हे मी तिला दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे. ती "व्हय वयनी" म्हणून हसायची आणि पुन्हा मुसळ उचलायची. त्या हसण्याने माझं डोकं फिरायचं.

दिवाळीच्या आधी रावजीचं पत्र आलं. टपालवाल्याने ते अंगणात उभं राहून मोठ्याने वाचलं, म्हणून मलाही कळलं. गिरगावातल्या एका दुकानदाराला चार पोती पोहे हवे होते. गुरुवारच्या बोटीने आले तर पुढे वर्षभर मागणी. नाही आले तर हा पसारा आवर, घराला कुलूप लाव आणि मुलांना घेऊन इकडे खोलीवर ये, असं त्याने लिहिलं होतं. मी म्हटलं, बरं झालं, एकदाची सुटेल. पण त्या दिवशी दुपारी मला घास गिळवेना. माझे तिन्ही मुलगे मुंबईला, घरधनी कधीच देवाघरी गेलेले. शेजारचं घर बंद झालं असतं तर मी भांडले असते कुणाशी?

पोहे कांडायला दोघी लागतात. भिजवलेलं भात खापरात भाजायचं आणि गरम आहे तोवर एकीने एक, दुसरीने एक असे घाव घालायचे. निवलं की पोह्यांचा चुरा होतो. सगुणेच्या जोडीला वाडीतली तुळसा यायची. बुधवारी सकाळी तुळसाला नाटे गावाहून निरोप आला, लेकीला कळा सुरू झाल्या, आणि ती तशीच निघून गेली. तीन पोती भरली होती. चौथं रिकामं होतं आणि दिवस मावळायच्या आत बंदरावर जायला गाडी यायची होती.

एकटी सगुणा भाजायला उठली की कांडप थांबायचं, आणि कांडप थांबलं की लवू भोकाड पसरायचा. मग ती त्याला घ्यायची, तोवर भात निवायचं. दोन घाणे वाया गेले. तिसऱ्यांदा ती मुसळ टाकून नुसती बसून राहिली. हसणारी सगुणा रडताना मी पहिल्यांदा पाहिली.

"आण ते पोर इकडे," मी म्हटलं. "मूल कसं निजवायचं ते बघ आता."

कसलं बघ! मी गाणी म्हटली, खांद्यावर घेतलं, माड दाखवले, कावळे दाखवले. लवू निळा होईस्तोवर रडला. मग पलीकडे मुसळ वाजायला लागलं आणि हा पटकन गप्प. मुसळ थांबलं, हा पुन्हा सुरू. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. जन्मल्यापासून हा त्याच आवाजात निजलेला. माझं घर त्याला फार शांत होतं. खरं सांगायचं तर मलाही होतं.

चार वर्षं पाटीखाली झाकलेलं माझं उखळ मी उघडलं, शेजारी लुगड्याची झोळी बांधली आणि मुसळ घातलं. दहा घावांत पोर झोपलं. पण आमच्यात रिकामं उखळ कांडत नाहीत, घरावर उपास येतो म्हणतात. थांबावं तर हा उठणार, कांडावं तर अपशकुन.

"चिमे," मी कुंपणावरून ओरडले, "तुझ्या आयेला सांग, खापर घेऊन इकडेच ये. माझ्या उखळात काहीतरी घाल म्हणावं."

सगुणा आली. तिने माझ्या चुलीवर भाजायचं, मग दोघींनी कांडायचं, आणि ती पुढचा घाणा भाजेपर्यंत मी कोंडाच कांडत राहायचं, लवूसाठी. दुपारपर्यंत हात भरून आले, पण चौथं पोतंही भरत आलं.

कांडता कांडता मला माझीच पडवी दिसायला लागली, वीस वर्षांपूर्वीची. मी मुसळ घालतेय, आणि झोळीची दोरी ओढत भिंतीला टेकून बसल्यात सासूबाई. रोज बसायच्या. हाक मारावीच लागत नव्हती, म्हणून मी मारली नव्हती.

"सगुणे," मी म्हटलं, "मी एकटीने नव्हते गो वाढवले. सासूबाई होत्या."

"व्हय वयनी," ती म्हणाली आणि हसली. या खेपेला मला राग आला नाही. लाज वाटली.

गाडी आली, पोती गेली, बोट मिळाली. शुक्रवारी सकाळी मी कुंपणाच्या चार काठ्या उपटल्या, झोळी घेऊन जायला वाट हवी म्हणून. मग टपालवाल्याला बसवून रावजीला पत्र लिहून घेतलं: सगुणेला तिकडे यायला वेळ नाही. तुला घराची ओढ लागली तर तूच ये, आणि येशील तेव्हा झोळीची दोरी ओढायची तयारी ठेव.